तोमिएसानचा पाचवा पेपर

पडदा वर जातो तेव्हा फेब्रुवारीची सकाळ आहे. डाव्या अंगाला गिसुकेकाकांचं मासळीवड्यांचं दुकान. कढईतल्या तेलाचा वास गल्लीच्या छपराखाली साचलेला. मध्यभागी आमचं नाट्यगृह, दाराशी विझलेले कागदी कंदील. उजव्या अंगाला एक अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी लाकडी पाटी: इवामुरो, सनदी करसल्लागार. सायकलची घंटा वाजते. करड्या कोटातली एक बाई उतरते, सायकलला कुलूप लावते, पाटीवरची धूळ रुमालानं पुसते आणि वर निघून जाते. त्या पाटीवर तिचं नाव नाही.

ही हातानो तोमिए; गल्लीची तोमिएसान, म्हणजे तोमिएबाई. ओसाकाच्या दक्षिणेकडच्या आमच्या बाजारगल्लीतल्या बहुतेक दुकानांचे हिशेब हिच्या हातचे. आमच्या नाटकमंडळीचेसुद्धा. आणि नाटकवाल्यांचे हिशेब लिहायचे म्हणजे गंमत नव्हे. आमचे मालक तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाचं बिल आणि दारूचं बिल एकाच पाकिटात घालून पाठवायचे. तोमिएसान पाकीट परत आणायची.

"मालक, हे रंगाचं आहे आणि हे तुमच्या घशाचं."

"दोन्ही लावल्याशिवाय मी रंगमंचावर जात नाही, तोमिएसान."

"मग तसं इवामुरो सेन्सेइंना सांगा. खर्चात धरायचं की नाही ते ते ठरवतील. मी फक्त काय झालं ते लिहिते."

ते वाक्य तिनं आयुष्यभर म्हटलं. मी फक्त काय झालं ते लिहिते. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, हिशेब म्हणजे हिशेब, लिहिणारा कुणी का असेना. तसं नव्हतं. बिलं लावणं, कीर्द लिहिणं, खतावणी जुळवणं हे हिशेबनिसाचं काम, ते कुणीही करावं. पण सरकारकडे जाणारं विवरणपत्र दुसऱ्यासाठी तयार करणं आणि कराबद्दल सल्ला देणं हे सनदवाल्याचं, ज्याला आम्ही मानानं सेन्सेइ म्हणजे गुरुजी म्हणतो त्याचं. सनद नसताना केलं तर गुन्हा. फुकट केलं तरी गुन्हा, शेजारधर्म म्हणून केलं तरी गुन्हा. गल्लीला हे कधी उमगलं नाही. मला उमगलं, कारण आमच्यातही पडद्याआड बसून वाक्यं पुरवणारा एक माणूस असायचा. सगळं नाटक त्याला पाठ, नायकाला नसेल इतकं. पण नायक अडखळला म्हणून तो काही उजेडात येऊन नायकाची वाक्यं म्हणत नसे.

तोमिएसानला मात्र उजेडात यायचं होतं. सनदेच्या परीक्षेला पाच विषय असतात. एकदा सुटलेला विषय जन्मभर सुटलेला राहतो. तिचे चार सुटले होते, तरुणपणीच. पाचवा, आयकराचा, सुटत नव्हता. दर ऑगस्टला ती डबा घेऊन परीक्षेला जायची आणि दर डिसेंबरला निकालाचं पाकीट यायचं. त्या दिवशी गिसुकेकाका कढईमागून ओरडायचे.

"काय गं तोमिए, झालीस का सेन्सेइ?"

"नाही काका."

"बरं झालं. सेन्सेइ झालीस तर माझे वडे उभ्यानं कोण खाणार? सेन्सेइ लोक बसून खातात."

आणि एक गरम वडा कागदात गुंडाळून पुढे करायचे. ती तो उभ्यानंच खायची, फुंकर घालत. डोळे भरलेले असले तर वाफेवर ढकलायला सोपं जायचं.

गिसुकेकाकांचं एक गुपित होतं, आणि ते गल्लीत फक्त तिलाच ठाऊक होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा जन्म होडीतला. आईबाप मासे धरत बेटाबेटांतून फिरायचे, शाळा कुठली. पुढे बायको होती तोवर तिनं सांभाळून घेतलं. ती गेल्यावर काका रोज सकाळी दुकानापुढे वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि मान हलवायचे. बिलांच्या पाठीवर चित्रं काढायचे: तेलवाल्याच्या बिलावर थेंब, मासळीवाल्याच्या बिलावर शेपूट. पहिल्यांदा ती चित्रं पाहिली तेव्हा तोमिएसाननं एवढंच म्हटलं होतं, "काका, असं सगळ्यांनी केलं तर माझं काम निम्मं होईल." काका तिला तेव्हापासून मुलगी मानायचे.

तर त्या फेब्रुवारीत इवामुरो सेन्सेइंना झटका आला. नेमका विवरणपत्रांच्या दिवसांत. मार्चच्या मध्याला मुदत संपते, तोवर गल्लीभरच्या दुकानांचे कागद तयार होऊन त्यांचा सही-शिक्का लागायचा. सेन्सेइंची वाचा गेली, उजवी बाजू गेली. मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या बायकोनं शिक्क्याची पेटी तोमिएसानपुढे ठेवली.

"त्यांनीच बोटानं दाखवलं. म्हणाले, म्हणजे म्हणायचं होतं त्यांना, की तूच मार शिक्के. इतकी वर्षं कागद तूच तयार करतेस. ते फक्त तपासतात."

"तपासतात, तेच तर काम आहे वहिनी."

"कुणाला कळणार आहे?"

तोमिएसाननं पेटी उचलली आणि वहिनींच्या मांडीवर ठेवली. "मला सनद हवी आहे," ती म्हणाली. "हा शिक्का मारला तर ती मला कधीच मागता येणार नाही."

सेन्सेइ डोळे मिटून पडले होते. त्यांनी ऐकलं असावं. डाव्या हाताचं बोट चादरीवर दोनदा आपटलं, शाबासकी दिल्यासारखं.

मग तिनं एक वेगळंच नाटक उभं केलं. स्वतःचं विवरणपत्र स्वतः लिहायला सनद लागत नाही. म्हणून तिनं सगळ्या दुकानदारांना आमच्या तालमीच्या खोलीत बोलावलं. बुटक्या मेजांभोवती गल्लीतले सगळे वडीलधारे मांडी घालून बसले. चटईवाला, कुलूपवाला, भाजीवाली ओइकेमावशी, चष्मे कपाळावर, पेन्सिली कानावर. प्रत्येकापुढे त्याचा ताळेबंद आणि कोरं विवरणपत्र. तोमिएसान हात पाठीमागे बांधून त्यांच्यातून फिरत होती. हात पुढे आला की चुकून पेन्सिलीला लागेल याची धास्ती.

"तोमिएसान, या चौकोनात काय लिहू?"

"चौकोनाच्या वर काय छापलंय ते वाचा, मावशी."

"वाचलं. कळलं नाही."

"मग कर कार्यालयाच्या मंडपात सनदवाले सेन्सेइ फुकट बसलेत, त्यांना विचारा."

"ते खेकसतात."

"मी पण खेकसते."

"तू खेकसलीस तर चालतं, तू आपली आहेस."

चटईवाला म्हणाला, "पोरी, नुसती भुवई हलव. बरोबर असेल तर उजवी, चूक असेल तर डावी." सगळे हसले. तीही हसली, पण भुवई हलवली नाही. असे दिवसच्या दिवस गेले. लोकांनी खोडलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, मंडपात जाऊन रांगा लावल्या, आणि गल्लीची विवरणपत्रं वेड्यावाकड्या पण स्वतःच्या अक्षरांत गेली.

गिसुकेकाका एकदाही आले नाहीत. हात भाजला म्हणाले. सकाळी पट्टी उजव्या हाताला होती, दुपारी डाव्या. मुदतीच्या आदल्या दिवशी तोमिएसान त्यांच्या दुकानात गेली. पुढे काय झालं ते मला काकांनीच सांगितलं, खूप नंतर.

"काका, मंडपात चला. तिथला कारकून लिहून देतो. मी शेजारी उभी राहते."

"त्याला काय सांगू?"

"हात भाजलाय म्हणून सांगा."

"आणि त्यानं वाचून बघा म्हटलं तर? बरोबर आहे का बघा म्हटलं तर? ओइके तिथेच रांगेत असेल. मी रोज तिला वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगतो गं. रेडिओवर ऐकलेल्या." काकांनी आच बारीक केली. "नाही गेलं तर काय करतील? दंड करतील. करू देत."

 तोमिएसाननं कोट काढला, बाह्यांना शाई लागू नये म्हणून काळी आवरणं चढवली आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून त्यांचं विवरणपत्र लिहिलं. सगळं, पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत. काकांनी सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला. तिनं पैसे घेतले नाहीत. घेतले असते तरी कायद्याला फरक पडत नव्हता, हे तिच्याइतकं चांगलं कुणाला माहीत होतं?

चेरीचा बहर ओसरता ओसरता इवामुरो सेन्सेइ गेले. त्यांची सगळी गिऱ्हाइकं कुसाका नावाच्या तरुण सेन्सेइंनी घेतली. माणूस सरळ. तोमिएसानला म्हणाले, "तुम्ही माझ्याकडेच या. यंदा पाचवा विषय काढा, नोंदणी करा, आणि ही गल्ली तुम्ही सांभाळा. मला शहरातलं काम पुरे आहे." तिनं मला हे जिन्यात उभं राहून सांगितलं. इतकी वर्षं ओळखतो तिला, पण सांगून वर जाताना तिनं दोन पायऱ्या एकदम चढलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

सेन्सेइंच्या अस्थी त्यांच्या गावी न्यायच्या होत्या. वहिनींबरोबर तोमिएसान गेली. गल्लीचं काम आता ती सांभाळणार हे गिसुकेकाकांच्या कानावर गेलं होतं, आणि तिच्यामागे त्यांनी विवरणपत्राची परतफेड करायचा बेत पार पाडला.

आमच्याकडे आवडत्या नटाला चाहते दारपडदा भेट देतात. निळीत रंगवलेला, त्यावर पांढऱ्यात त्याचं नाव. देणाऱ्यानं स्वतःचं नाव मिरवायचं नाही, 'एका चाहत्याकडून' एवढंच म्हणायचं, ही जुनी रीत. काकांनी आमच्याच रंगाऱ्याला गाठलं आणि सांगितलं, इवामुरोंच्या पाटीवर जे आहे ते जसंच्या तसं उतरव, नाव फक्त तिचं घाल. त्यांना वाटलं, पाटीवर 'कराचे हिशेब' की असंच काहीतरी असणार. रंगाऱ्यानं पाटी पाहिली आणि उतरवली. त्याला वाटलं, बाई पास झाली. गल्ली जागी होण्याआधी काकांनी तो पडदा तिच्या घराच्या दारावर टांगला, उंबऱ्यावर वड्यांचं पुडकं ठेवलं आणि येऊन कढईखालची शेगडी पेटवली.

सनदी करसल्लागार, हातानो तोमिए. सुंदर अक्षर होतं. ती परत येईपर्यंत पडदा वाऱ्यावर हलत राहिला. गल्ली येता-जाता बघत होती. ओइकेमावशी मला म्हणाली, "बघितलंस नटदादा? निकाल डिसेंबरात लागतो ना? आणि हिनं एप्रिलातच पडदा लावला. सेन्सेइचे दिवससुद्धा झाले नाहीत."  मीही मनात तेच म्हणत होतो.

तोमिएसान स्टेशनवरून आली, दारात थांबली, पडदा काढला, घडी घातली. उंबऱ्यावरचं पुडकं उचलून आत नेलं. पुडक्यावरून तिला सगळं कळलं असणार. पण तोवर कुणीतरी कर कार्यालयाला कळवलं होतं. सनद नसताना नुसतं ते नाव लावणं हाही गुन्हाच.

चौकशीला कुसाका सेन्सेइ बरोबर गेले होते. तिथलं त्यांनी मला सांगितलं. अधिकाऱ्यानं गल्लीची सगळी विवरणपत्रं मागवून ठेवली होती. वेड्यावाकड्या अक्षरांच्या गठ्ठ्यात एकच विवरणपत्र छापल्यासारखं.

"हा पडदा कुणी करून घेतला?"

"मी."

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"इतर कुणाचं लिहिलं नाहीत. याचंच का?"

"त्यांचा हात भाजला होता."

"मग मंडपात का नाही आणलंत? तिथे लिहून देतात."

कुसाका सेन्सेइ म्हणाले, इथे ती पहिल्यांदा खाली बघू लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी रांग फार होती."

दंड झाला. दंड झालेल्याला काही वर्षं सनद मिळत नाही, परीक्षा सुटली तरी. कुसाका सेन्सेइंनी हात जोडून सांगितलं की तिला ठेवून घेतलं तर त्यांच्याच सनदेवर गदा येईल. तिनं जिन्यावरच्या कचेरीतली आपली चहाची कपबशी उचलली आणि निघाली.

तिची नोकरी सुटली हे गल्लीत पसरलं, त्या दुपारी गिसुकेकाका माझ्याकडे आले. हातावर पीठ तसंच होतं.

"नटदादा, एक विचारू? इवामुरोच्या पाटीवर काय लिहिलं होतं?"

 रोज समोर असलेली पाटी. "सनदी करसल्लागार," मी म्हटलं.

"सनदी म्हणजे सरकारनं दिलेली?"

"हो."

"आणि ती नसेल तर?"

उत्तराची वाट न बघता काका खालीच बसले, चप्पल काढायच्या फळीवर. मग त्यांनी सगळं सांगितलं, होडीपासून पडद्यापर्यंत. शेवटी म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मी तिथे जाऊन सांगतो. पडदा माझा. कागद मी लिहवून घेतला. मला अक्षर कळत नाही."

आम्ही गेलो. त्यांनी कार्यासाठी ठेवलेला कोट घातला होता. कर कार्यालयाच्या पायऱ्या रुंद आहेत, सिमेंटच्या. काका निम्म्या चढले. वरून ओळखीचा कुलूपवाला उतरत होता.

"काय गिसुके, आज इकडे? कोटबिट घालून?"

"असंच," काका म्हणाले. "बातमी होती ना पेपरात, ती बघायला."

कुठली बातमी ते कुलूपवाल्यानं विचारलं नाही. तो गेला. काका कठड्याला धरून उभे राहिले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, हो. आणि वळून खाली उतरले. 

संध्याकाळी मी तोमिएसानच्या घरी गेलो. "मी सांगतो गल्लीला," म्हटलं. "लोक काय काय बोलताहेत माहीत आहे का?"

"बोलू देत. खरं कळलं तर माझ्याऐवजी काकांबद्दल बोलतील.  मग काका जिवंत असताना ते कशाला."

"तुझं आयुष्य गेलं, तोमिएसान."

"गेलं नाही. आहे तिथेच आहे." तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. "कागद मी लिहिला, नटदादा. काकांनी माझा हात धरून लिहवला नाही. मला कायदा तोंडपाठ होता. काकांना पाटीसुद्धा वाचता येत नव्हती."

त्या ऑगस्टला ती परीक्षेला बसली नाही. पुढच्याही नाही. बंदीची वर्षं सरली तेव्हा मी आठवण केली. म्हणाली, डोळे थकले. बंदराजवळ मासळीच्या पेट्या बनवणारा एक कारखाना होता, तिथे ती कीर्द लिहायला लागली. गल्लीतून जायची तेव्हा लोक बोलायचे, पण पूर्वीसारखं थांबवून नाही. गिसुकेकाका तिच्या नजरेला नजर देत नसत. ती दुकानावरून जाताना ते कढईवर वाकून काहीतरी शोधल्यासारखं करायचे. मात्र तिच्या उंबऱ्यावर वड्यांचं पुडकं असायचं. ती ते खायची. कागद धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची. एकदा मी तिला म्हटलं, एकदा तरी त्यांच्याशी बोल की. ती म्हणाली, "मी बोलले तर त्यांना माफी मागावी लागेल. आणि ती सगळ्यांसमोर मागावी असं त्यांना वाटेल. राहू दे."

काका गेले ते पानगळीत. शेवटी त्यांनी लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकीला, नामिएला, जवळ बोलावून सांगितलं की मला वाचता येत नाही. नामिए म्हणाली, "माहीत आहे बाबा. घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून." मग काकांनी बाकीचं सांगितलं, पडद्याचं आणि पायऱ्यांचं. दिवसकार्य झाल्यावर नामिएनं दुकानात गल्लीला जेवायला बोलावलं आणि सगळ्यांसमोर ते तसंच्या तसं सांगितलं, उभं राहून, न रडता. ओइकेमावशीनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या त्या पुन्हा उचलल्या नाहीत.

पण तोमिएसान तेव्हा जेवायला आली नव्हती. ती इस्पितळात होती. पोटात गाठ होती, आणि उशीर झाला होता.

मग गल्ली इस्पितळात लोटली. चटईवाला, कुलूपवाला, हातात संत्र्यांच्या पिशव्या, सगळे तिच्या खाटेशी वाकून उभे. एरवी तोमिए, पोरी, म्हणणारी माणसं आता तोंड भरून सेन्सेइ म्हणत होती. सेन्सेइ, चुकलं आमचं. सेन्सेइ, बरं वाटतंय का.  ओइकेमावशी नुसती तिचे पाय चोळत बसली. तोमिएसान सगळ्यांकडे बघत होती, पाहुण्यांकडे बघावं तशी. एकदाच म्हणाली, "मावशी, यंदा मुदतीआधी लिहा. शेवटच्या दिवशी रांग असते."

ते गेल्यावर मी एकटा थांबलो होतो. संध्याकाळची परिचारिका आली. नवीन मुलगी, दक्षिणेच्या क्यूशू बेटाकडची असावी, बोलण्यात हेल होता. तिनं उशी नीट केली, संत्री एका बाजूला सरकवली आणि सहज विचारलं, "आजी, सगळे तुम्हाला सेन्सेइ म्हणत होते. कशाच्या सेन्सेइ तुम्ही?"

तोमिएसाननं जरा विचार केला, एखादी नोंद बरोबर बाजूला पडतेय ना बघावं तसा. तिनं दिलेल्या उत्तरानंतर तिचं बोलणं कुणी ऐकलं नाही. पहाटे ती गेली.

"कशाचीच नाही, बाळ," ती म्हणाली. "एक पेपर राहिला."